सहासष्ट नंबरची जर्सी

इगी पावलाकचं नाक कितीदा मोडलं हे त्याचं त्यालाही सांगता येत नसे. लग्नाच्या फोटोत ते डावीकडे वळलेलं आहे, मुलीच्या बाप्तिस्म्याच्या फोटोत उजवीकडे, आणि ज्या हंगामाची ही गोष्ट, त्या वर्षी ते मधोमध चपटं होऊन बसलं होतं. त्याची बायको लॉटी म्हणायची, "आता बरं दिसतं. निदान दोन्ही बाजूंनी सारखंच वाईट आहे."

आमच्या ब्रॅनकमध्ये अशा नाकाचं कुणाला नवल नव्हतं. गावात पोलादाचा कारखाना होता आणि रविवारी फुटबॉल होता, हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन एकमेकांना आडवं पाडायचं तो, आणि दोन्हीकडून माणूस धडपणे घरी येईल याची खात्री नव्हती. इगीचा बाप एके दिवशी कारखान्यातून आलाच नाही. वितळलेल्या लोखंडाची भली मोठी बादली त्याच्यावर कलंडली. पुरायला काहीच हाती लागलं नाही, तेव्हा साहेबांनी थिजलेल्या लोखंडाचा एक ठोकळा पेटीत घालून दिला, आणि पोलिश चर्चच्या पाद्रीबाबांनी त्या ठोकळ्यावर सगळे मंत्र म्हटले. पेटी उचलायला आठ माणसं लागली. बाप अंगाने किडकिडीत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी ब्र काढला नाही.

तेव्हापासून इगी जगात एकाच गोष्टीला भ्यायचा, ती म्हणजे कारखान्याचं फाटक. समोरून अडीच मणाचा गडी डोकं खाली घालून धावत आला तरी तो जागचा हलत नसे. पण सकाळचा भोंगा वाजला की हातातला कॉफीचा कप खाली ठेवायचा. संघात आपली जागा आहे तोवर त्या फाटकातून आत जावं लागणार नाही, एवढं एक गणित त्याने मनाशी पक्कं केलं होतं, आणि त्या गणितासाठी तो कुणाचंही हाड मोडायला तयार होता.

संघाचं नाव भट्टीवाले. महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती, आणि आमचा संघ देशातल्या मोठ्या व्यावसायिक संघांत मोडत असला तरी कपडे बदलायची खोली अजून ओलसर तळघरातच होती. इगी पुढच्या फळीत खेळायचा. पुढच्या फळीतल्या माणसाच्या हाती चेंडू जन्मात येत नाही. समोरच्याला आडवा पाडायचा आणि तो उठला की परत पाडायचा, एवढंच त्याचं काम. हे काम त्याला ओट्टो नावाच्या म्हाताऱ्या खेळाडूने शिकवलं. ओट्टोच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. तो म्हणायचा, "पोरा, समोरच्याच्या तोंडाकडे बघू नको. तोंड बघितलं की हात ढिला पडतो. छातीवरचा आकडा बघ. आकड्याला आई नसते, बायको नसते. आकड्याला खुशाल मार."

इगीने ही शिकवण अशी अंगी मुरवली की वर्षानुवर्षं ज्यांच्याशी झुंजला, त्या माणसांच्या शेजारी दारूच्या गुत्त्यात बसला तरी ओळखायचा नाही. आकडा सांगितला की मात्र लगेच म्हणायचा, "हां हां, तो! त्याची बरगडी मीच मोडली."

फळीत इगीच्या डाव्या हाताला ब्रुनो गवेंडा. दोघं एकाच गल्लीत वाढले, एकाच सैनिकी तुकडीत गेले, एकाच बोटीने परतले. ब्रुनो तोंडाळ होता. खेळ चालू असताना समोरच्याला तो त्याच्या आजीवरून काहीबाही बोलायचा, आणि तो चिडला की इगी बाजूने येऊन त्याला लोळवायचा. सामना संपला की ब्रुनोची बायको रेजिना कोबी आणि सॉसेजचं मोठं पातेलं चुलीवर चढवायची. इगीचा जबडा दुखत असला तर ब्रुनो त्याच्या ताटलीतलं सॉसेज काट्याने कुस्करून द्यायचा आणि म्हणायचा, "खा आजोबा, खा."

त्या हंगामाची सुरुवातच वाईट झाली. पहिले सामने आम्ही ओळीने हरलो. कोच क्रेब्सने पोरांना भर उन्हात पाण्याचा थेंब न देता पळवलं. एकजण चक्कर येऊन पडला तर क्रेब्सने सराव दहा हात पलीकडे सरकवला आणि चालू ठेवला. ऑक्टोबरात आम्ही सरोवराकाठच्या पोर्ट हॉलडेनला गेलो. तिथल्या संघाचं नाव नावाडी. आमच्या चेंडूफेक्याने, डेल व्हिटकोमने, चेंडू केव्हाच फेकला होता आणि तो हात खाली सोडून चेंडू कुठे जातो ते बघत उभा होता. नावाड्यांचा सहासष्ट नंबर, ऑरिस ट्रंबल, मागून चार ढांगा धावत आला आणि त्याने कोपर उचलून व्हिटकोमच्या जबड्यात घातलं. फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. व्हिटकोम गुडघ्यांवर बसला आणि त्याचं तोंड एका बाजूला लोंबायला लागलं. पंचांनी बघून न बघितल्यासारखं केलं. इगीने गवतातून दात वेचले आणि मूठ मिटून बाकाकडे आणून दिले.

आमच्यात अशा वेळचा एक रिवाज होता. त्याला घंटा म्हणत. आपल्या माणसाला कुणी जाणूनबुजून जायबंदी केलं, की त्याच्या हेल्मेटवर सगळ्यांनी हात ठेवायचे आणि मारणाऱ्याचा नंबर मोठ्याने उच्चारायचा. मग पुढे कधीतरी, त्याच संघाशी गाठ पडली आणि सामना खिशात आला, की डाव सुरू होण्याआधी सगळे डोकी जुळवून उभे राहतात त्या कोंडाळ्यात चेंडूफेक्या हळूच म्हणणार, "घंटा." की नेमलेल्या माणसाने चेंडूबिंडू विसरून त्या नंबरावर जायचं. एकदा उच्चारलेली घंटा वाजवल्यावाचून राहायची नाही, आणि वाजवून झाल्यावर मागे वळून बघायचं नाही.

त्या संध्याकाळी रक्ताने चिकट झालेल्या हेल्मेटवर तीसेक हात पडले. सगळ्यात मोठा आवाज ब्रुनोचा. "सहासष्ट! आणि घंटा इगी वाजवणार. या गाढवाला दुसरं काही येतं का?" सगळे हसले, इगीही हसला.

नोव्हेंबरात ब्रुनोचा गुडघा गेला. तो पट्ट्या गुंडाळून खेळत राहिला, पण क्रेब्सच्या डोळ्यांतून काही सुटत नसे. एका सकाळी मदतनीस तळघराच्या दारात येऊन म्हणाला, "गवेंडा, कोचने बोलावलंय." सगळ्यांना कळलं. ब्रुनो वर गेला आणि खाली आला, तोवर त्याच्या कपाटावरची नावाची पट्टी फाडलेली होती आणि बूट कागदी पिशवीत घातलेले होते.

इथेही आमचा एक रिवाज, आणि तो माझ्या मते सगळ्यांत नीच. काढून टाकलेल्या माणसाशी हंगाम संपेपर्यंत बोलायचं नाही, त्याच्या घरी जायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याचं दुर्दैव आपल्याला चिकटतं म्हणे. ब्रुनो पिशवी घेऊन इगीजवळ थांबला. "निघतो रे," म्हणाला. इगी बुटाची नाडी बांधत होता. नाडी बांधून झाली होती, तरी त्याने ती सोडून पुन्हा बांधली. मान वर केली तेव्हा ब्रुनो गेला होता.

लॉटी घरी रोज कटकट करायची. "तीन गल्ल्या पलीकडे राहतो तो. जाऊन ये ना."

"हंगाम संपू दे."

"मेलाय का तो?"

"तसंच धरतात."

"कुत्रं मेलं तरी माणूस जाऊन बघतो," लॉटी म्हणाली आणि तिने ताटली त्याच्यापुढे आपटली. दोन-चार वेळा ती एकटी गेली. पण रेजिनाने दार उघडलं नाही.

आणि ब्रुनो गेल्यावर भट्टीवाले जिंकायला लागले. का, ते देव जाणे. इगी पिसाळल्यासारखा खेळत होता. एकाचा खांदा त्याने जागेवरून उखडला. एकाने ढिगाऱ्याखाली त्याच्या डोळ्यात बोट घातलं, तर इगीने ते बोट दातांत धरलं आणि शिट्टी वाजेपर्यंत सोडलं नाही. एका सामन्यात तो मध्यंतरानंतर चुकून दुसऱ्याच संघाच्या बाकावर जाऊन बसला. डोक्याला मार लागला होता. नवसागराची बाटली नाकाखाली धरून त्याला पुन्हा मैदानात ढकलला. घरी आल्यावर त्याने लॉटीला विचारलं, "आपण जिंकलो का?" जिंकलो होतो.

डिसेंबरातल्या शेवटच्या सामन्याला नावाडी आमच्या गावी आले. जिंकणारा अजिंक्यपदासाठी खेळणार होता. सामन्याआधी क्रेब्सने इगीला कोपऱ्यात घेतलं.

"पावलाक, तुझे पाय म्हातारे झालेत."

"नाही कोच."

"मी विचारत नाही, सांगतोय. पुढच्या उन्हाळ्यात तुला सरावाला बोलवायचं की कारखान्यात धाडायचं, हे मी आज ठरवणार. आणि ती घंटा राहिलीय. नीट वाजव. तो सहासष्ट स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर जाताना मला दिसता कामा नये."

बाहेर बर्फाचा आणि पावसाचा काला पडत होता. पहिल्या काही मिनिटांतच गवत नाहीसं झालं आणि उरला तो गुडघाभर चिखल. कोण आपला, कोण परका, हे रंगावरून कळेना. माणसं चिखलाचे गोळे झाली होती. पहिल्या अर्ध्यात ट्रंबलने आमच्या एकाच्या हातावर बूट ठेवून टाच फिरवली आणि इगीकडे बघून दात काढले. "काय रे पावलाक, तुमच्या त्या पोराला अजून सूपच पाजता का?" इगीने त्याच्या छातीवरचे दोन सहा बघून ठेवले.

सूप खरंच पाजत होतो. व्हिटकोमचा जबडा तारांनी बांधलेला होता आणि तो तसाच खेळायला उतरला होता. शेवटी सामना हातात आला, अंधारून आलं, आणि कोंडाळ्यात तो बंद दातांमधून म्हणाला, "घंटा."

इगीने फळीत वाकून समोर बघितलं. सहासष्ट पलीकडच्या टोकाला उभा होता. चेंडू हलला. इगीने आपल्या समोरच्याला सोडून दिलं, फळीच्या मागून वळसा घातला आणि चिखल उडवत धावत सुटला. सहासष्ट कुणाला तरी ढकलण्यात गुंतला होता, त्याची बाजू उघडी होती. इगीने डोकं खाली घातलं आणि हेल्मेटचा माथा त्याच्या हनुवटीखाली घुसवला. अंगातलं सगळं वजन, बापाचा तो लोखंडी ठोकळा, कारखान्याचं फाटक, सगळं त्या धडकेत गेलं. त्याच्या स्वतःच्या मानेत वीज चमकून गेली. समोरच्या माणसाचं डोकं मागे गेलं आणि सरळ झालंच नाही. तो पडताना त्याने हात टेकले नाहीत.

खोटं कशाला सांगू, इगीला त्या क्षणी बरं वाटलं. लोक किंचाळत होते. तो मागे न बघता चालत आला.

तळघरात बिअर उडत होती. व्हिटकोम तारांमधून रडत होता. क्रेब्सने येऊन इगीच्या मानेवर थाप मारली, "उन्हाळ्यात भेटू." इगीने अंघोळ केली, कोट घातला आणि लॉटीला सांगायला म्हणून बाहेर पडला. आता फाटक नाही. आणखी एक वर्ष तरी नाही.

नावाड्यांची बस दाराशी उभी होती. बसच्या पायरीशी कोरडा ओव्हरकोट घातलेला आणि गुडघ्याला पट्टी बांधलेला ऑरिस ट्रंबल सिगरेट ओढत होता. इगी जागच्या जागी थांबला.

"भूत बघितलंस का?" ट्रंबल म्हणाला. पण त्याच्या आवाजात मैदानावरची मस्ती नव्हती. "माझा गुडघा मध्यंतरालाच गेला. जर्सी माझी होती, पावलाक. माणूस तुमचाच होता. तो गवेंडा."

इगीने त्याच्या कॉलरला धरलं. "खोटं बोलतोस."

"परवा घेतला त्याला आम्ही. त्याच्या अंगाची जर्सी शिवून यायची होती. नंबर नसला तर पंच उतरू देत नाहीत, म्हणून माझ्या अंगावरची काढून त्याच्या अंगावर चढवली." ट्रंबलने त्याचा हात हळूच सोडवला. "नंबर बघून तो जरा थांबला होता. दुसरी आहे का, असं विचारलं त्याने. आमचा सामानवाला म्हणाला, हे काय दुकान आहे? मग घातली."

इस्पितळात रेजिना दारात आडवी उभी राहिली. तिने ओरडाआरडा केला नाही. "तीन गल्ल्या," ती म्हणाली. "तीन गल्ल्या लांब होतो आम्ही. तेव्हा तुला पाय फुटले नाहीत. आता कशाला आलास?" तिच्या खांद्यावरून इगीला पलंग दिसला. ब्रुनोच्या कवटीत दोन्ही बाजूंनी लोखंडी आकडे रुतवलेले होते आणि त्यांना मागे वजनं टांगलेली होती. पांघरुणाखाली काही हलत नव्हतं.

सोमवारी क्रेब्सने नेहमीप्रमाणे सामन्याची फिल्म दाखवली. खोलीत अंधार केला, यंत्र घरघरलं, पडद्यावर चिखल हलायला लागला. इगी मागच्या बाकावर बसला होता. ब्रुनोचं एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, पण काढून टाकलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नव्हतं. घंटेचा क्षण आला तसा कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बघा आता." पडद्यावर इगी धावला, सहासष्ट कोसळला.

"ही धडक बघा," क्रेब्स म्हणाला. "पायांत जीव नाही, तरी कशी मारलीय." त्याने फिल्म उलटी फिरवली. ब्रुनो चिखलातून उठला, डोकं जागेवर आलं. सुलटी फिरवली. पडला. पुन्हा उठवला. पुन्हा पाडला.

क्रेब्सने या खेपेला फिल्म जरा जास्तच मागे नेली, आणि मग इगीला ते दिसलं. चेंडू हलण्याआधी सहासष्ट ताठ उभा राहिला होता. तो सरळ इगीकडे बघत होता. त्याने बाही वर केली आणि तोंडावरचा चिखल पुसला. एकदा पुसला, मग नीट दिसावं म्हणून पुन्हा पुसला. कपाळ, डोळे, हनुवटी. मग तो वाकून उभा राहिला, आणि पडद्यावरच्या इगीने हेल्मेट रोखलं होतं ते त्याच्या छातीवरच्या आकड्याकडे.

"परत बघू," क्रेब्स म्हणाला.

इगी उठला. त्याने यंत्र टेबलावरून उचललं आणि भिंतीवर फेकलं. काच फुटली, अंधारात लोक ओरडले, कुणीतरी दिवा लावला. क्रेब्स समोर उभा होता. इगीने त्याच्या तोंडाकडे बघितलं. करडे डोळे, दाढी करताना कापलेला गाल, सगळं त्याने नीट बघून घेतलं, आणि मारलं. खेळायला लागल्यापासून तोंड बघून त्याने मारलेला हा पहिलाच ठोसा. क्रेब्सचं नाक डावीकडे वळलं. तो पडला, तसा इगी त्याच्या छातीवर बसला आणि सहाजणांनी ओढून काढेपर्यंत मारत राहिला.

"तू संपलास, पावलाक!" क्रेब्स रक्त थुंकत म्हणाला. इगीने स्वतःच्या कपाटावरची नावाची पट्टी स्वतःच फाडली.

पुढच्या रविवारी भट्टीवाले अजिंक्यपद हरले. इगीने रेडिओ लावला नाही. नवं वर्ष उजाडल्यावर तो भोंग्याबरोबर उठला, कॉफी पुरी प्यायला आणि फाटकातून आत गेला. बापाच्याच खात्यात त्याला काम मिळालं. पहिल्या दिवशी तो बादलीखाली उभा राहून ओकला. नंतर सवय झाली म्हणण्यात अर्थ नाही, सवय झाली नाही. तो रोज भ्यायचा आणि रोज जायचा.

रेजिनाने दार उघडलं ते पुढचा हंगाम सुरू झाला तेव्हा, आणि तेही इगीसाठी नव्हे. ब्रुनोला आता मानेखालचं काही हलवता येत नव्हतं. रेजिना कारखान्याच्या धोबीघरात कामाला लागली होती, आणि रविवारी चर्चला जायचं तर त्याच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. "दाढी करता येते का?" तिने विचारलं. इगी म्हणाला, येते.

तेव्हापासून दर रविवारी, गाव मैदानाकडे लोटलेलं असताना, इगी त्याच्या पलंगाशी बसायचा. साबणाचा फेस करायचा, हनुवटी दोन बोटांनी वर धरायचा आणि वस्तरा चालवायचा. दाढी करायची तर तोंडाकडे बघावंच लागतं. दुसऱ्या खेपेला अर्धा गाल झाल्यावर इगीच्या तोंडून निघालं, "ओरडला का नाहीस? नुसतं इगी म्हणाला असतास."

"नव्या लोकांपुढे? मारू नको, असं ओरडायचं?" ब्रुनो छताकडे बघत म्हणाला. "मग सोमवारी ठेवलं असतं का मला त्यांनी? मलाही फाटक होतंच की, लेका."

वस्तरा थांबला होता.

"आणि खरं सांगू," ब्रुनो म्हणाला, "मला वाटलं, तू तोंड बघशील."

लांब मैदानावर लोकांचा आरडाओरडा उठला, कुणीतरी पडलं असणार. इगीने वस्तरा गालापासून दूर धरला, डोळे बाहीने पुसले, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "हलू नकोस."

"मी कुठे हलतोय," ब्रुनो म्हणाला. "तू कर."